संघराज्य : तळमजला अधिक दोन

पुष्कर वऱ्हाडपांडे घटनेच्या पेपरात तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. पहिल्या वेळी सगळे बोलले होते. दुसऱ्या वेळी समजूत काढली होती. तिसऱ्या वेळी रागिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, निकाल ऐकला, ती उठली आणि तिने पंखा तीनवरून चारवर केला. अकोल्यात मार्च संपताना नवऱ्याचं सांत्वन करायची याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही.

वकिलीचे बाकीचे सगळे पेपर निघाले होते. करार निघाला, गुन्हा निघाला, कुटुंब निघालं, ज्या कायद्याचं नाव त्याला आजही एका दमात घेता येत नाही तोसुद्धा निघाला. राहिला होता तो एकच, ‘घटनात्मक कायदा, भाग दोन’. म्हणजे केंद्राने काय करायचं, राज्यांनी काय करायचं, आणि दोघांनी एकाच वेळी तेच करायला घेतलं तर काय व्हायचं. पास व्हायला चाळीस गुण लागत. पुष्करला आधी एकतीस, मग चौतीस आणि मग तेहेतीस पडले होते. प्रगती म्हणावी तर ती वाटेत चहाला उतरली होती. आणि आता चहाला वेळ नव्हता, कारण त्याच्या नोंदणीची मुदत या उन्हाळ्यात संपत होती. मे महिन्यातली परीक्षा शेवटची. ती गेली की पदवी गेली, आणि सहा वर्षांत पास केलेले सगळे पेपर ‘हौस’ या सदरात जमा. ज्या शाळेत तो कारकून होता तिथले मुख्याध्यापक दोन वर्षांपासून पालकांना त्याची ओळख “हे आमचे वकीलसाहेब” अशी करून देत होते. त्यातून माघार घ्यायची म्हणजे शाळाच बदलावी लागली असती.

गाडं अडलं होतं सातव्या अनुसूचीत. या अनुसूचीत तीन याद्या आहेत. पहिली केंद्राची, दुसरी राज्याची, तिसरी दोघांची मिळून, तिला समवर्ती सूची म्हणतात. देशातला जवळजवळ प्रत्येक विषय त्यांपैकी एकीत बसवलेला आहे. रेल्वे इकडे, पोलीस तिकडे, वीज दोघांत. पुष्करच्या डोक्यात मात्र हे विषय रात्रीतून जागा बदलत. दीपगृहं केंद्राकडे आहेत हे तो दर वेळी विसरे. यात त्याचा फारसा दोष नव्हता. दीपगृहाशी अकोल्याच्या माणसाचा संबंध येतोच कधी? मासेमारी राज्याकडे, पण समुद्रात आत गेलं की केंद्राकडे, हे त्याला कळे. फक्त परीक्षेत तो मासे घेऊन उलट्या दिशेने जाई.

“पाठ करू नको,” खुशालरावमामा फोनवर म्हणाले. हे रागिणीचे मामा, अमरावतीत चाळीस वर्षं वकिली केलेले. या चाळीस वर्षांत त्यांच्याकडे घटनेचं एकही प्रकरण आलं नव्हतं. आली ती सगळी धुऱ्याची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाची. पण धुऱ्यावरून इतकी वर्षं भांडणं लढलेल्या माणसाला संघराज्याविषयी मत असणारच. “घटना पाठ करायची गोष्ट नाही, जावईबापू. ती रोजच्या व्यवहारात लावून पाहायची. घरात लावून पाहा. दारात लावून पाहा. आपोआप डोक्यात बसते.”

मामांच्या अमरावतीकडच्या पक्षकारांनी त्यांचा सल्ला शक्यतो मानला नाही, म्हणून ते सुखी होते. पुष्करने मानला.

पुष्कर राहत होता ती इमारत जठारपेठेत, तीन मजल्यांची, मजल्याला एक घर. तळमजल्यावर ताराकाकू. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण हे त्यांना कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नसावं. पहिल्या मजल्यावर नत्थुजी आणि लीलाबाई. अकोटकडे त्यांची तीस एकर काळी जमीन, उन्हाळ्यात मुक्काम अकोल्याला, घरात तीन कूलर. दुसऱ्या मजल्यावर पुष्कर आणि रागिणी. नळ पाचव्या दिवशी यायचा. पाणी आधी खालच्या हौदात, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, तिथून तीन नळ्यांनी तीन घरांत. मोटरचं बटण ताराकाकूंच्या व्हरांड्यात होतं. या एका वाक्यात खरं तर सगळी राज्यघटना आलेली आहे, पण पुष्करला ते तेव्हा दिसलं नाही.

मामांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळ आला. पुष्कर पुस्तक उघडून बसला होता. खालून आवाज आला.

“नत्थुजी, टाकी भरायच्या आधी तुमचे कूलर भरताय तुम्ही. मला दिसतं इथून.”

“बाई, तीन कूलर हाय माह्याकडं. त्याईले तहान लागत नाई का?”

“मोटर दीड तास चालेल. नंतर बंद.”

“काहून? मोटर का तुमच्या माहेरून आली?”

वर दुसऱ्या मजल्यावर रागिणी हातात पाइप धरून, पुढ्यात दोन ड्रम आणि सहा बादल्या मांडून उभी होती. “इकडे अजून थेंब नाही हो!” तिने जिन्यातून खाली सांगितलं. हे ती दर पाचव्या दिवशी सांगायची, त्यामुळे त्याला आता बातमी म्हणता येत नव्हतं.

पुष्कर पुस्तक मिटून उठला. बोट मात्र दोनशे बासष्टाव्या कलमात तसंच होतं. एका नदीवर दोन राज्यं भांडली तर काय करायचं, ते हे कलम सांगतं. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “थांबा. हा संघराज्याचा प्रश्न आहे.”

भांडण थांबलं. पटलं म्हणून नव्हे. भांडणात बाहेरचा शब्द आला की माणसं क्षणभर तो कोणाच्या बाजूचा आहे हे पाहतात.

अर्ध्या तासात पुष्करने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर तीन रकाने आखले. केंद्राकडे हौद, मोटर, मुख्य फाटक आणि मीटर. राज्याकडे, म्हणजे ज्याच्या त्याच्या मजल्याकडे, आपापले नळ, कूलर, स्वयंपाकघर आणि दारातल्या चपला. समवर्तीत गच्ची, जिना आणि गाड्या लावायची जागा. केंद्र कोण, यावर चर्चा झाली नाही. ताराकाकू आधीच खुर्चीवर बसल्या होत्या.

“याच्यात आमाले काय भेटते?” नत्थुजींनी विचारलं.

“स्वायत्तता.”

“थे टाकी असते का काही?”

“म्हणजे तुमच्या मजल्यात केंद्राला ढवळाढवळ करता येणार नाही.”

नत्थुजींनी यावर विचार केला. “म्हंजे मी तीन कूलर ठेवो का चार, बाईले बोलता येनार नाई?”

“नाही.”

“मंग लावा.”

“आन् याच्यात जे लिवलंच नाई, ते कोनाचं?” लीलाबाईंनी दारातून विचारलं. घटना समितीतल्या विद्वानांनी ज्यावर बराच खल केला त्या मुद्द्यावर लीलाबाई कुरडयांचा चीक हलवता हलवता पोचल्या होत्या.

पुष्कर आनंदला. “उर्वरित अधिकार! कलम दोनशे अठ्ठेचाळीस. ते केंद्राचं.” आणि त्याने खाली लिहिलं : ‘इतर सर्व : केंद्र.’ कॅलेंडर मीटरच्या पेटीशेजारी चिकटवलं गेलं. वर येऊन त्याने डोळे मिटून पाहिलं तर तिन्ही सूच्या मनासमोर स्वच्छ उभ्या होत्या. दीपगृह तेवढं बसेना, म्हणून त्याने मुख्य फाटकावरचा दिवा हेच दीपगृह समजायचं ठरवलं. त्या दिवसापासून दीपगृह केंद्राकडे आहे हे तो कधीही विसरला नाही. मामांचा सल्ला लागू पडला होता. चाळीस वर्षांत हे बहुधा पहिल्यांदाच.

आठवडा उत्तम गेला. मग एप्रिल सुरू झाला आणि गच्ची तापली.

वऱ्हाडात एप्रिलमधली गच्ची हा साधा विषय नसतो. लीलाबाईंच्या कुरडया एका अंगाला, रागिणीच्या मिरच्या दुसऱ्या अंगाला आणि ताराकाकूंच्या मुगाच्या वड्या तिसऱ्या अंगाला, असं इतकी वर्षं कोणी न ठरवता चाललं होतं. आता ते ठरलेलं असल्याने चालेना. ताराकाकूंनी चष्मा लावून कॅलेंडर वाचलं आणि पुष्करला खाली बोलावलं.

“समवर्ती विषयात केंद्राचा आणि राज्याचा नियम एकमेकांविरुद्ध गेला तर कोणाचा चालतो रे?”

“केंद्राचा. दोनशे चौपन्न.” पुष्करने उत्साहाने सांगितलं. तोंडी परीक्षेत उत्तर येतंय याच्या आनंदात प्रश्न का विचारला जातोय हे लक्षात न येणं, हा विद्यार्थ्याचा जुना आजार आहे.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गच्चीवर वड्या होत्या. कुरडया जिन्यात वाळत होत्या. मिरच्या कुठे होत्या ते पुष्करने विचारलं नाही, पण संध्याकाळी आपल्या अभ्यासाच्या टेबलाखाली पाय घालताच त्याला शिंका येऊ लागल्या.

“वकीलसाहेब, ह्ये काय करून राह्यले तुमी?” नत्थुजी दारात उभे. “आमी गच्चीवरून खाली आलो, आन् तुमी म्हनता स्वायत्तता!”

त्यावर पहिली घटनादुरुस्ती झाली. मग दुसरी, जिन्याविषयी. तिसरी ही पहिली रद्द करण्यासाठी होती. दर दुरुस्तीला कॅलेंडरवर एक चिठ्ठी डकवली जाई. पंधरा दिवसांत कॅलेंडरचं अंग भिंतीपासून बोटभर पुढे आलं. पुष्कर एकाच वेळी घटना समिती, कायदेमंत्री आणि सर्वोच्च न्यायालय होता, आणि ही तिन्ही पदं बहुतेक तो टॉवेलवर असताना त्याच्याकडे येत.

रागिणी त्याला एरवी ‘पुष्कर’ म्हणे. संतापली की ‘अहो’. एप्रिलच्या मध्यात ती म्हणाली, “अहो, परीक्षेत आपली बिल्डिंग येणार आहे का?”

“तू समजून घे. मला आता कलमं नुसती आठवत नाहीत, दिसतात.”

“मला अभ्यासक्रमाची पाचशे पानं दिसतात. त्यातली साडेचारशे कोरी. त्यांच्यावर एकही खूण नाही.” मग ती नळाचा दिवस होता म्हणून ड्रम विसळायला गेली.

खरी कसोटी आली ती माश्यांमुळे. गच्चीवरच्या टाकीखाली, बरोबर तिन्ही घरांचे कॉक जिथे आहेत तिथे, मधमाश्यांनी पोळं धरलं. कॉक फिरवता येईनात. पाणी टाकीत आणि माणसं खाली, अशी स्थिती झाली. कॅलेंडर पाहिलं. मधमाशी कोणत्याही सूचीत नव्हती.

“इतर सर्व, केंद्र,” नत्थुजी शांतपणे वाचून म्हणाले. “बाई, जा वर. तुमच्या माश्या हायेत.”

ताराकाकूंचं वय अडुसष्ट. त्यांनी केंद्राला शोभेल असं केलं : हा विषय गंभीर असून राज्यांनी त्यात सहकार्य करावं, असं पत्रक काढलं. पुष्करने एका कार्यालयात फोन केला. त्यांनी अदबीने दुसऱ्याचा नंबर दिला. दुसऱ्याने विचारलं, माश्या जंगली आहेत की शहरी? पुष्कर म्हणाला, जठारपेठेतल्या आहेत. त्यांनी तिसऱ्याचा नंबर दिला. तिसऱ्याकडून पहिल्याचा मिळाला. एरवी माणूस इथे चिडला असता. पुष्करने मात्र वहीत नोंद केली : ‘सहकारी संघराज्य, उदाहरण.’

शेवटी नत्थुजींनीच डोक्याला उपरणं गुंडाळलं, कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला आणि पोळं काढलं. खाली आले तेव्हा एका हातात परात होती, परातीत दीड किलोचा ऐवज, आणि उजवा कान वांग्याएवढा.

“इकडे द्या,” ताराकाकू म्हणाल्या.

“काय देऊ?”

“मध. पोळं सूचीत नाही, म्हणजे केंद्राचं. तुम्हीच वाचलंत ना सकाळी?”

नत्थुजींनी परात छातीशी धरली. “वाचलं. पन मले सात माश्या चावल्या. डंख राज्याले आन् मध केंद्राले, हे कोनतं कलम हाय? वकीलसाहेब, तुमी बोला!”

सगळे पुष्करकडे पाहू लागले. न्यायालय टॉवेलवर होतं. त्याने खूप विचार करून निकाल दिला : मध केंद्राचा, पण त्यातला वाटा राज्यांना मिळेल.

“किती?”

“ते वित्त आयोग ठरवेल.”

“थो कवा येते?”

“दर पाच वर्षांनी.”

नत्थुजींनी परात ताराकाकूंच्या ओट्यावर ठेवली, कानाला चुना लावला आणि एक शब्द न बोलता वर गेले. वऱ्हाडी माणूस मोठ्याने बोलतोय तोवर काळजीचं कारण नसतं. पुढच्या नळाच्या दिवशी पहाटे त्यांनी हौदात परस्पर स्वतःचा पाइप सोडला आणि तिन्ही कूलर, दोन टिपं, एक जुना टब आणि अकोटला जाणारी गाडी धुवायची बादली एवढं भरून घेतलं.

ताराकाकूंनी पुष्करला निरोप पाठवला : राज्य घटनेप्रमाणे चालत नसेल तर काय करतात?

पुष्करला खरं म्हणजे इथे खोटं बोलता आलं असतं. पण परीक्षा बारा दिवसांवर आली होती आणि त्याच्या तोंडून आता कलमं आपोआप पडत. “तीनशे छप्पन. राष्ट्रपती राजवट. पण संसदेची मान्यता लागते.”

“संसद म्हणजे कोण?”

“म्हणजे... तुम्हीच.”

“मग दिली.”

पहिल्या मजल्याचा कॉक बंद झाला आणि त्याची मूठ काढून ताराकाकूंच्या देव्हाऱ्यात ठेवली गेली. राजवट चार दिवस टिकली. त्या चार दिवसांत रागिणी रोज दोन हंडे लीलाबाईंच्या दारात नेऊन ठेवत होती, आणि परत येताना ताराकाकूंशी चार शब्द बोलत होती. घटनेत याची काही तरतूद नसल्यामुळे पुष्करने तिकडे लक्ष दिलं नाही. पाचव्या दिवशी मूठ कॉकवर परत दिसली. हे आपल्या ‘केंद्र-राज्य संबंध : एक टिपण’ या चार पानी निवेदनामुळे झालं, असं त्याने मामांना फोन करून सांगितलं.

या गडबडीत परीक्षेच्या प्रवेशपत्राचा कागद आला, आणि त्यावर विषय होता ‘भाग एक’. जो विषय तो चार वर्षांपूर्वी पास झाला होता. चूक त्याचीच. अर्ज भरत होता तेव्हा नत्थुजी पाचव्या घटनादुरुस्तीसाठी बेल वाजवत होते आणि बोट एक घर वर पडलं.

कॉलेज आणि परीक्षा दोन्ही अमरावतीला, म्हणून दुरुस्तीसाठी तो एक दिवस आधीच निघाला. मूर्तिजापूरपर्यंत तीन फोन आले. पहिला ताराकाकूंचा, दुसरा नत्थुजींचा, तिसरा पुन्हा ताराकाकूंचा, दुसऱ्यात काय म्हणाले ते विचारायला. बडनेऱ्याला त्याने फोन बंद केला आणि आपण संघराज्यातून फुटून निघालो आहोत अशी एक चोरटी भावना त्याला झाली.

कॉलेजातल्या बाबूंनी प्रवेशपत्र उलटसुलट केलं. “दुरुस्तीला प्राचार्यांची सही लागते. ते रजेवर. प्रभारी आहेत, पण त्यांना शिफारशीचा अधिकार आहे, सहीचा नाही.”

“पण हा विषय समवर्ती मानला तर...” पुष्कर म्हणाला.

“भाऊ,” बाबू म्हणाले, “इथं समवर्ती काही नसते. सही असते नाही तर सही नसते.”

उद्या अकराला पेपर. सहा वर्षं एका चौकटीतल्या खुणेवर लटकली होती. पुष्कर बाकावर बसला आणि त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपण कलमं म्हणतोय की रामरक्षा, हे त्याचं त्यालाच कळेना. तेवढ्यात, ज्यांच्याकडे तो उतरला होता ते खुशालरावमामा काठी टेकत आले. त्यांनी कोणतंही कलम काढलं नाही. बाबूंना गाव विचारलं. गाव चांदूरकडचं निघालं. मग आजोबांचं नाव विचारलं.

“अरे, यांचा धुरा मी अकरा वर्षं लढवला!”

“जिंकलो होतो का आपन?” बाबूंनी विचारलं.

“अजून चालू आहे.”

बाबू उठले आणि प्रवेशपत्र घेऊन प्राचार्यांच्या घरी गेले. तासाभराने सही आली. संघराज्याच्या पुस्तकात ही पद्धत कुठेही दिलेली नाही. पुष्करने पान पान शोधलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रश्नपत्रिका हातात पडली. पहिला प्रश्न अनिवार्य, सर्वांत जास्त गुणांचा : ‘संघराज्यातील केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारविभागणी योग्य त्या उदाहरणांसह स्पष्ट करा.’

पुष्करने पेन टेकवला आणि तो वाहू लागला. तीन वेळा जिथे तो अडखळला होता तिथे आता रस्ता सपाट होता. सूच्या आल्या, उर्वरित अधिकार आले, दुरुस्त्या आल्या, राजवट आली. त्याने पुरवणी मागितली. मग दुसरी मागितली. शेजारचा मुलगा कॉपी करायची सोडून नुसता त्याच्याकडे पाहू लागला. सव्वा तासाने पुष्करने हात झटकला, आणि लिहिलेलं सहज चाळलं.

केंद्र सूची : हौद, मोटर, मुख्य फाटक, मीटर.

त्याने पान उलटलं. ‘उर्वरित अधिकार केंद्राकडे असल्याने मधाची मालकी तळमजल्याकडे जाते.’ आणखी पान उलटलं. ‘राजवटीच्या काळात कॉकची मूठ देव्हाऱ्यात ठेवणे घटनाबाह्य आहे किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत.’ भारताचं नाव सोळा पानांत एकदाही आलं नव्हतं. अकोल्याचं दोनदा आलं होतं.

वर्गातला पंखा कटकट आवाज करत फिरत होता. सगळं खोडून पुन्हा लिहायला वेळ नव्हता. अजून चार प्रश्न बाकी होते. पुष्कर घटाघट पाणी प्यायला आणि त्याने प्रश्न पुन्हा वाचला. ‘योग्य त्या उदाहरणांसह.’ मग त्याने पहिल्या ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं : ‘ही विभागणी समजण्यासाठी एका लहान, तीनमजली, काल्पनिक संघराज्याचे उदाहरण घेऊ.’ आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एक ओळ जोडत गेला : ‘भारतात हेच, कलम अमुकनुसार, घडते.’ हौदाखाली, मोटरीखाली, मधाखाली. कलम मात्र एकही चुकलं नाही. फाटकावरच्या दिव्यापाशी तर त्याने नोंदीचा क्रमांकसुद्धा टाकला. सव्वीस.

दोन महिने तो शाळेत पालकांना टाळत राहिला. जुलैच्या शेवटी निकाल लागला. बावन्न.

रागिणीने निकाल तीनदा वाचला, मग खाली धावत जाऊन आधी लीलाबाईंना सांगितलं. पेढे आले. मुख्याध्यापकांनी “मी म्हणत होतोच” म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. सगळं इथेच संपायला हवं होतं. पण पेढा खाताना पुष्करच्या तोंडून उत्तरपत्रिकेत काय लिहिलं ते निघून गेलं.

पेढा नत्थुजींच्या हातात तसाच राहिला. “म्हंजे आमची केस तुमी युनिव्हर्सिटीत मांडली?”

“केस नव्हे, उदाहरण.”

“आमची बाजू बराबर मांडली का नाई, कसं समजाव? कागद मांगवा.”

“मलाही पाहायचंय,” ताराकाकू म्हणाल्या. केंद्र आणि राज्य यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचं काही चाललं नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, फक्त नापास झालेले मागवतात. पास झालेल्याने मागवली म्हणून खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, “गुण कमी करून हवेत का?”

तीन आठवड्यांनी गठ्ठा आला. ताराकाकूंच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या आणि पुष्करने वाचन केलं. ‘केंद्राचे वर्तन काही वेळा शालेय स्वरूपाचे असते’ या वाक्यावर ताराकाकूंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मधापाशी परीक्षकाने समासात लाल शाईने लिहिलं होतं : ‘डंखाची भरपाई नको काय?’

नत्थुजी खुर्चीतून उठले. “पाहा! पाहा बाई! लाल अक्षरात हाय! अमरावतीवून आलं हाय!”

“परीक्षक म्हणजे न्यायालय नव्हे,” ताराकाकू म्हणाल्या. पण त्या आत गेल्या आणि मधाची अर्धी बरणी आणून लीलाबाईंपुढे ठेवली. “संपत नव्हता माझ्याच्याने. डॉक्टरांनी गोड बंद केलंय.”

“वाटलंच मले,” लीलाबाई म्हणाल्या.

सगळे उठायला लागले. रागिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने हात पुढे केला, गठ्ठा घेतला आणि उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचला. पुष्कर वाट पाहत राहिला. सहा वर्षं या पदवीसाठी तिने टेबलाखालच्या मिरच्यांसकट सगळं सोसलं होतं. तिचं मत त्याला परीक्षकापेक्षा महत्त्वाचं होतं.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. पुष्करचा चेहरा फुलला. तिने मागून पुढे पुन्हा पानं चाळली. “यात दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं?”

“राज्य क्रमांक दोन.”

“ते वाचलं. राज्यात कोण राहतं?”

“म्हणजे... आपण.”

“इथे लिहिलंय,” तिने पान शोधून काढलं, “‘राज्य क्रमांक दोनमध्ये पाणी सर्वांत शेवटी पोहोचते. तेथील जनता ते शांतपणे भरून घेते.’ ही जनता कोण?”

उठलेली माणसं बसली. नत्थुजींनी कान पुढे केला. लीलाबाई पदराआड हसत म्हणाल्या, “सांगा न वकीलसाहेब. ड्रम कोन विसळते त्या राज्यात? मूठ मांगून कोनी आनली, थे लिवलं का कुठी?”

सोळा पानांत ताराकाकू होत्या, नत्थुजी होते, त्यांचे तीन कूलर होते, मधमाश्या होत्या. पुष्करने पान जवळ ओढलं. त्या वाक्यापुढे परीक्षकाने बरोबरची मोठी खूण केली होती. तो थोडा सावरला, आणि त्याने त्या लाल खुणेवर बोट ठेवून ती रागिणीला दाखवली.

वकील म्हणून त्याने केलेला हा पहिला युक्तिवाद. तो त्याने जिथे केला, तिथून वर कुठेही अपील जात नाही.